पुस्तकानं कोणाचं पोट भरलं? (वऱ्हाडात विचार गावापर्यंत पोचला कसा)

पराटीवाला (दर्यापूर तालुका)

जय गुरु मंडळी,

लय दिवसानं लिहून राहिलो. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत वाचनालय आहे, ड वर्ग, दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल अन् पेपर. चार वर्षांपासून मी ते सांभाळतो, वावरातून आलो की संध्याकाळी सहा ते आठ. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला का ही खोली खत-बियाणं ठेवायले द्या, तशीही तिथं कोणी येत नाही. मी उभा राहिलो बोलायले तर मागून एक म्हातारबा बोलले, "पुस्तकानं कोणाचं पोट भरलं बाप्पा?" अन् मले उत्तर सुचलं नाही. लोक हसले असते तर चाललं असतं, पण कोणी हसलं नाही, सगळ्यांनी माना हलवल्या, ते जास्त लागलं. निर्णय १ मेच्या ग्रामसभेवर गेला.

रात्री जेवताना आजीले सांगितलं. आजी शाळेत एक दिवस गेली नाही, आजही अंगठा लावते. ती म्हणे, "मी कुठं वाचलं? पण गाडगेबाबाचं कीर्तन आयकलं ना." पौष महिन्यात रविवारी ऋणमोचनची यात्रा भरते, पूर्णेच्या काठावर, तिथं तिचा बाप तिले बंडीत बसवून घेऊन गेला होता. ती आठ-नऊ वर्षांची असन. बाबा दिवसा हातात खराटा घेऊन घाट झाडत अन् रात्री कीर्तनात लोकायलेच प्रश्न इचारत, लोक उत्तर देत, अन् उत्तर देता देता लोकायच्याच ध्यानात येई का आपण चुकून राहिलो. बोकड कापून देव पावते का, सण करायले कर्ज काढता अन् पोराले शाळेत घालायले पैसा नाही म्हणता? हेच इचारत. आजीच्या बापानं त्या वर्षी नवसाचा बोकड कापला नाही. इकून टाकला अन् त्या पैशात पोराले, म्हणजे आजीच्या भावाले, शाळेत घातलं. तो भाऊ पुढं तलाठी झाला. त्याची पोरं, नातवंडं सगळी शिकली.

म्हणजे बघा, ज्या घरात पुस्तक नव्हतं त्या घराचं पुढचं सगळं एका रात्रीच्या कीर्तनानं फिरलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चालू आहे, विचार गावात येतो तरी कोणत्या वाटेनं? म्हणून हा धागा. जयंतीचं भाषण नको, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. तुमच्या घरात, गावात कोणाच्या विचारानं नेमकं काय बदललं ते सांगा. मले १ मेले बोलायचंय.

---

निवृत्त_मास्तर (अकोट)

पराटीवाले भाऊ, तुम्ही अगदी दुखऱ्या जागी हात ठेवला. ३३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, माझं पोट पुस्तकानंच भरलं, हे त्या म्हातारबांना माझ्यातर्फे सांगा. आता माझं सांगतो.

माझे वडील सालदार होते. गावात चौथीपर्यंत शाळा. पुढं शिकायचं तर अमरावतीले राहायची सोय पाहिजे. ती सोय डॉ. पंजाबराव देशमुखांच्या संस्थेच्या वसतिगृहात झाली. घरून दर महिन्याले ज्वारीचं पोतं न्यायचं आणि तिथं राहायचं. पंजाबरावांनाच आम्ही भाऊसाहेब म्हणतो, ते कोण होते ते नव्या पोरांसाठी लिहितो. पापळ गावचे, शेतकऱ्याच्या घरात जन्म, १८९८. परदेशात शिकायले गेले, वैदिक वाङ्मयातला धर्म कसा वाढत गेला यावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली. तो प्रबंध आमच्या गावात कोणी वाचला? कोणीच नाही. पण परत आल्यावर त्यांनी १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह केला, जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या, अन् १९३२ च्या सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. वेदावर प्रबंध लिहिणारा माणूस देवळाच्या दारात उभा राहून भांडला, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पुढं १९५२ ते ६२ देशाचे कृषिमंत्री होते, ते सगळ्यांना माहीत आहे. ते मला थोडं बाजूला ठेवावंसं वाटतं, कारण मंत्री कितीतरी होऊन गेले. वसतिगृह महत्त्वाचं. वर्गात शिकवलेलं पोरगं विसरते, पण चार जातींची पोरं एका पंगतीत जेवली ते विसरत नाही. मी तिथं पहिल्यांदा दुसऱ्या जातीच्या पोराच्या ताटातली भाकर खाल्ली. घरी सांगितलं नाही, दोन वर्षांनी सांगितलं.

आणि हे भाऊसाहेबांना एकट्याला सुचलं असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढं सांगितलं होतं की प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना. रयतेच्या पैशावर सरकार वरच्या वर्गाला कॉलेजात शिकवतं अन् रयतेचं पोरगं ढोरं राखतं, हा त्यांचा आक्षेप होता. पुण्याला बसून बोललेली गोष्ट आमच्या अकोटाले पोचायला साठ-सत्तर वर्षं लागली. पण पोचली.

---

यष्टीचा_पास

मास्तर, ज्वारीच्या पोत्याचं वाचून माझे बाबा आठवले. ते पण असंच सांगतात. धागा चालू ठेवा.

---

चिखलीची_लेक (बुलढाणा)

पराटीवाले दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आजीच्या भावाला शाळेत घातलं. आजीला का नाही घातलं? बंडीत तर ती पण होती ना, कीर्तन तर तिनं पण ऐकलं.

हे टोचायला लिहीत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं इथं आहे असं मला वाटतं. आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचाराचे. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर आपलं मूल मारल्याचा खटला चालला, फाशीची शिक्षा झाली आणि पेपरवाले सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवर लिहायला लागले. त्यावर बुलढाण्यात बसलेल्या या बाईला असा संताप आला की तिनं सरळ विचारलं, जे दुर्गुण बायकांना चिकटवता ते तुमच्यात नाहीत का? विधवेला पुन्हा लग्न नाही अन् पुरुषाला बायको मेल्यावर महिन्याभरात दुसरी, हा न्याय कोणी केला? आणि भाषा अशी की आमच्याकडच्या विहिरीवर बायका बोलतात तशी, रोखठोक. मी डीएडला असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप नाही आली, कारण ही बाई माझ्या जिल्ह्यातली आणि मला बारावीपर्यंत तिचं नावही माहीत नव्हतं.

पुस्तकाचं काय झालं? टीका झाली, जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, आणि मग पुस्तक पडून राहिलं ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांना कळलं. नव्वद वर्षांवर! गाडगेबाबांच्या पाठीशी कीर्तन होतं, भाऊसाहेबांच्या पाठीशी संस्था होती. ताराबाईंचा विचार घेऊन गावोगाव कोण फिरलं? कोणी नाही. त्याच नव्वद वर्षांत तुमची आजी लहान होती.

माझ्या घरात बदल आला तो शेतकरी संघटनेमुळे. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. आमच्या गावात बैठक झाली तेव्हा बाबांनी दीड एकर आईच्या नावावर केलं. त्या सातबाऱ्यावर पुढं आईनं पीककर्ज काढलं आणि माझी डीएडची फी भरली. कांद्याच्या अन् कापसाच्या भावासाठी लढणारा माणूस सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणतो, हे आमच्या गावातल्या पुरुषांना पटायला जड गेलं, पण भावासाठी ते त्यांच्यामागं गेलेच होते म्हणून ऐकावं लागलं.

---

कोरडवाहू (यवतमाळ)

सगळं बरोबर आहे राजेहो पण आज काय चालू हाय ते पण पाहा ना. माझ्या भावानं बीएड केलं, नेट केलं, एका संस्थेत मुलाखतीले गेला तं किती देता तेच इचारलं, अन् संस्थेच्या दारात फुले-आंबेडकरायचा फोटो, हार घातलेला. भाऊ आता माझ्यासंगं वावरात हाय. त्याले दुःख वावरात काम करायचं नाही, त्याले त्या फोटोचं दुःख हाय, तो म्हणते फोटो नसता तं मी गुमान घरी आलो असतो.

ज्यायनं शाळा काढल्या त्यायनं लोकाच्या घरून ज्वारी मागून काढल्या, अन् तिथंच आता असं. मले वाटते विचार संपत नाही, त्याचा धनी बदलते. संस्था मोठी झाली का इलेक्शनचं तिकीट तिथून निघते, मग मास्तर हा मास्तर राहत नाही, कार्यकर्ता होते. याच्यावर कोणी बोलत नाही. मास्तर तुम्ही बोला, तुम्ही पाह्यलं असन.

---

निवृत्त_मास्तर

कोरडवाहू भाऊ, पाहिलं. प्रचाराच्या गाडीत बसलेले शिक्षक पाहिले, आणि एकदा मीही नाही म्हणू शकलो नव्हतो. तुमच्या भावाचं वाचून त्रास झाला. याच्यावर माझ्याजवळ उत्तर नाही, पण ही गोष्ट झाकून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही हे मान्य.

---

निळाई (पवनी, भंडारा)

जय भीम सर्वांना.

विचार कोणत्या वाटेनं येतो विचारलंत ना, आमच्याकडं तो गाण्यातून आला. आमच्या मोहल्ल्यात म्हाताऱ्या बायांना संविधानाचं कलम सांगता येणार नाही, पण बाबासाहेबांचं अख्खं आयुष्य त्या गाण्यात म्हणतात, तारखेसकट. जलसेवाले रात्री कंदील लावून यायचे, लोक कामावरून येऊन बसायचे. मेलेलं ढोर ओढायचं नाही, हे माझ्या आजोबानं जलशात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पाटलाच्या दारात जाऊन सांगितलं. गावानं सहा महिने काम दिलं नाही. सहा महिने! पोट तेव्हा भरलं नाही हो, उपाशी राहिलं. म्हणून तुमच्या त्या म्हातारबांच्या प्रश्नाला मी उलटं उत्तर देईन, काही विचार असे असतात की त्यांच्यासाठी माणूस पोट बांधतो.

विदर्भात ही चळवळ बाबासाहेबांच्या आधीपासून होती, हे पण लिहून ठेवते. किसन फागुजी बनसोडे मोहप्याचे, शाळा काढल्या, पेपर चालवले. उमरेडच्या जाईबाई चौधरी, स्टेशनवर ओझी वाहिलेली बाई, तिनं १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. १९२० ची नागपूरची बहिष्कृत परिषद, शाहू महाराज अध्यक्ष. आणि २० जुलै १९४२, नागपूरलाच दलित महिलांची परिषद, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेत बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एका पुरुषाला अनेक बायका ही चाल बंद करा म्हटलं. चिखलीच्या ताई, ताराबाईंचा प्रश्न घेऊन कोण फिरलं म्हणता ना, नाव न घेता या बायाच फिरल्या. त्यांनी ताराबाईंना वाचलं असेल असं नाही, पण प्रश्न तोच होता.

आणि एक गोष्ट आमच्या जिल्ह्याची. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यानं बाबासाहेबांना पाडलं. ज्यांनी मताचा अधिकार लिहून दिला त्यांनाच. शाळेत आम्हाला हे कोणी शिकवलं नाही, घरी कळलं. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या गावातून लोक पायी नागपूरला गेले, धर्मांतराला. विचारवंताचं राजकारणात काय होतं आणि समाजात काय होतं हे दोन वेगळे हिशोब आहेत.

---

धामकाठ (सेलू, वर्धा)

निळाईताई, तुमच्या आजोबांचं वाचून गप्प झालो.

आमच्या वर्ध्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २२-२३ ऑक्टोबर १९३७, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष, झाकीर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम केला, तीच नयी तालीम. सात वर्षं मातृभाषेतून शिक्षण, मध्यभागी हातानं करायचं एखादं काम. सेवाग्रामले आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ते करून दाखवलं. लोक म्हणतात पोरं सूत कातत बसायची, एवढंच माहीत असते. पण टकळीवर किती तार निघाला, त्याचं वजन किती, एका गुंडीले किती वेळ लागला, हे मोजता मोजता गणित यायचं. कापूस कोणत्या मातीत होतो, बाजारात कोण भाव ठरवते, तिथून भूगोल अन् इतिहास. माझी पोरगी सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आहे, २००५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पोरांची शेती आहे, काय पेरलं, किती निघालं, सगळा हिशोब पोरंच ठेवतात. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कापसावर धडा नसावा, हे मला कधी समजलं नाही.

---

निळाई

धामकाठ दादा, तुमच्या लेकीचं ऐकून बरं वाटलं, मनापासून. पण आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या सूत काढलं, जाडंभरडं कापड विणलं. आजोबांना पोराच्या हातात टकळी नको होती, इंग्रजीचं पुस्तक पाहिजे होतं. ज्याच्या हातातून काम कधी सुटलंच नाही त्याला शाळेत पण कामच द्यायचं, तर त्याला शाळा कशाला? हातानं काम करण्याची गोडी ज्यांना कधी करावं लागलं नाही त्यांना जास्त असते.

---

धामकाठ

ताई, हा आक्षेप खरा आहे, टाळत नाही. गांधीजींचं म्हणणं होतं की वरच्या जातीच्या पोरानंही संडास साफ करावा, सूत काढावं, म्हणजे काम आणि जात यांची गाठ सुटेल. आश्रमात ते झालं. पण सरकारी शाळांत जेव्हा हे गेलं तेव्हा काम राहिलं अन् गाठ सोडवणं राहून गेलं. शहरातल्या पोरांना इंग्रजी शाळा आणि गावातल्यांना टकळी, असं झालं तर तुमच्या आजोबांनी नको म्हटलं तेच बरोबर. माझं मत थोडं बदललं हे वाचून. थोडं.

---

मोहफूल (धानोरा, गडचिरोली)

आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. गोंडांचं छोटं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार", ही घोषणा तिथली. लोकांना घोषणा माहीत आहे, पण त्यामागं अभ्यासगट आहे ते माहीत नाही. ग्रामसभा वेगळी अन् अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात निर्णय घ्यायचाच नाही, फक्त समजून घ्यायचं. कायदा काय म्हणतो, मध कसा काढला तर माशा मरत नाहीत, दारूचं काय करायचं, बाहेरचा जाणकार आला तर त्याला विचारायचं. समजलं की मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं ठरवायचं, मतदान नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी हे वर्षानुवर्षं चालवलं. २००९ मध्ये गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हातात आले. २०१३ मध्ये गावानं ग्रामदानाचं, म्हणजे जमिनीची मालकी गावाची करायचं, ठरवलं. विनोबांची कल्पना, साठ वर्षांनी.

पराटीवाले भाऊ, तुमची अडचण मला अशी दिसते की तुम्ही ग्रामसभेत जाऊन भांडता, त्याआधी बसून समजून घ्यायची जागाच गावात नाही. ती खोली त्यासाठी मागा. वाचनालय म्हणून मागू नका.

---

कोरडवाहू

हे पटलं.

---

पराटीवाला

सगळ्यांचं वाचलं, रोज रात्री आजीले वाचून दाखवलं. चिखलीच्या ताई, तुमचा प्रश्न आजीले इचारला. ती उलीशीक थांबली. मग म्हणे, "कोणी इचारलंच नाही रे, मी पण नाही इचारलं. मले वाटे का शाळा पोरायची असते." एवढंच बोलली अन् दळण निवडत बसली. मले वाईट वाटलं का मी पण हे आजपर्यंत इचारलं नव्हतं. धाग्यात ती गोष्ट मी केवढ्या अभिमानानं लिहिली होती.

मोहफूल भाऊंचं ऐकून मार्चपासून एक सुरू केलं. आमच्याकडं गुरुवारी सामुदायिक प्रार्थना होते, तुकडोजी महाराजांच्या वेळेपासून. ती झाली का लोकायले खोलीत बसवायचं अन् एकानं मोठ्यानं वाचायचं. पहिले दोन गुरुवार ग्रामगीता वाचली, महाराजांनी त्यात शाळा, आरोग्य, लग्नाचा खर्च, अंत्यविधी, गावातलं काहीच सोडलं नाही, एकेचाळीस अध्याय. ती लोकायच्या ओळखीची, म्हणून लोक बसले. तिसऱ्या गुरुवारी 'शेतकऱ्याचा असूड' काढला, १८८३ चं पुस्तक. अन् मी शेवटून सुरू केलं, पाचव्या प्रकरणापासून, जिथं जोतीराव उपाय सांगतात. लष्करातले अन् पोलिसातले जास्तीचे लोक लावून ठिकठिकाणी बंधारे बांधा, पावसाचं पाणी जमिनीत मुरू द्या, असं सरळ लिहिलंय. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पराटीले, म्हणजे कपाशीले, देता येत नाही. खोलीत एवढी चिडीचूप झाली का बाहेरच्या ढोराच्या घंट्या आयकू येत होत्या. मग नाल्यावरच्या बंधाऱ्यावर जी चर्चा सुरू झाली ती दहा वाजेपर्यंत. गाळ कोण काढन, पंचायतीकडं पैसा आला होता का नाही, आला तर कुठं गेला. पुस्तक बाजूलेच राहिलं, पण सुरुवात पुस्तकानं झाली.

१ मेची ग्रामसभा झाली. मी भाषण केलं नाही. गुरुवारी बसणारे उभे राहिले अन् म्हणाले बंधाऱ्याचा विषय तिथंच समजून घेऊन राहिलो, पावसाळ्याआधी खोली हलवू नका. २ ऑक्टोबरपर्यंत खोली राहिली, पुढचं तेव्हा. खताची पोती अर्ध्या खोलीत आलीच, ती अडवता आली नाही, तर आता आम्ही पोत्यायवरच बसतो. ते म्हातारबा एकदाही आले नाहीत. त्यांची सून मात्र दर गुरुवारी येते, मागं दाराजवळ बसते, अन् मागच्या खेपेस तिनं इचारलं का बायाचं काही पुस्तक हाय का.

तर चिखलीच्या ताई, ताराबाईंचं पुस्तक पाठवता म्हणून तुम्ही निरोप केला होता, ते लवकर पाठवा. पोस्टानं पाठवाल तर पंचायतीच्या पत्त्यावर नका पाठवू, तिथं कुलूप असते. फाट्यावरच्या पानठेल्याचा पत्ता तुम्हाले निरोपात टाकतो, पोस्टमन तिथं रोज थांबते.